डबल-ए ला गेल्यावर पिचर ढेपाळला, आता त्याच्याकडे बघायचं कसं?

कॉलेजरोड_पहाट

नाशिकमधे बसून मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचं अमेरिकन बेसबॉल बघणारं कोणी आहे का इथे? असाल तर प्लीज सविस्तर लिहा, घाईत दोन ओळी नकोत. माझी मोठी ताई न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला राहते, तिथेच सोमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे, न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग क्लबची डबल-ए म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालची टीम. दाजी आणि भाचा उन्हाळाभर तिथेच असतात, त्यांच्यामुळे मला पण नाद लागला आणि आता तिकडची संध्याकाळी सात पाचची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटे चार पस्तीस, मी उठून बसलेलो असतो.

तर विषय असा. एक राइट-हँडर पोरगा आहे, नुकतंच विसावं सरलंय, शाळेतून थेट ड्राफ्ट झालेला, म्हणजे क्लबने वार्षिक निवडीत घेतलेला. नाव मुद्दाम देत नाही, नाव दिलं की त्या पोरावरच वाद सुरू होतील आणि मला पद्धत समजून घ्यायचीय. हडसन व्हॅलीला म्हणजे एक पायरी खाली हाय-ए ला होता तेव्हा बॅटरना काही सुचू देत नव्हता, फास्टबॉल जबरदस्त आणि स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा बॉल, असा की भलेभले हवेत बॅट फिरवून परत जायचे. जुलैमधे सोमरसेटला वर आणला आणि तेव्हापासून सगळं बिनसलंय. वॉक (स्ट्राइक झोन म्हणजे ठरलेल्या चौकटीबाहेरचे चार 'बॉल' झाले की बॅटरला फुकट पहिला बेस) वाढले, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन) जवळपास दुप्पट, चौथ्या इनिंगमधेच काढून घेतात, मागच्या मॅचला तर तिसरी पण पूर्ण करू दिली नाही. होतकरू पोरांच्या ऑनलाइन याद्यांमधे खाली घसरला. भाचा म्हणतो मामा सोड याला. मला सोडवत नाहीये, बॉल हातातून सुटताना मला अजून तसाच दिसतो.

स्काउट लोक अशा पोराकडे नेमकं काय बघतात? कुठले आकडे धरायचे, कुठले सोडून द्यायचे? आणि स्क्रीनवर बघताना मी लक्ष कुठे ठेवू? क्रिकेटवर वाढलेली नजर आहे, ती आपोआप वेग आणि विकेटकडेच जाते.

निफाडची_बाग

भाऊ, आधी ईआरए बाजूला ठेवा. मायनर लीगमधे ईआरए एकट्या पिचरचा नसतो, मागे उभ्या असलेल्या पोरांचा, मैदानाचा आणि नशिबाचा पण असतो. २००१ साली व्होरोस मॅक्रॅकनने मांडलं होतं की बॉल बॅटला लागून मैदानात पडला की पुढे त्याचं काय होणार यावर पिचरचा ताबा फार कमी, त्याच्या हातात मुख्यतः स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), वॉक आणि होमरन. नंतर त्यात बरीच दुरुस्ती झाली, कोणाचे बॉल किती जोरात मारले जातात ते आता मोजतात, पण सुरुवात तिथूनच करा. समोर आलेल्या एकूण बॅटरपैकी किती टक्के स्ट्राइकआउट, किती टक्के वॉक, आणि पहिल्यातून दुसरं वजा. मेजर लीगमधे हल्ली साधारण २२ टक्के स्ट्राइकआउट आणि ८ टक्के वॉक असतात. तुम्ही वॉक वाढले लिहिलंय पण स्ट्राइकआउटचं काय झालं ते लिहिलंच नाही. ते टिकून असतील तर मी तरी निवांत आहे.

मैदानाचं पण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. ट्रिपल-ए च्या पॅसिफिक कोस्ट लीगमधे अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, आपलं नाशिक सहाशेच्या आसपास. हवा विरळ, कर्व्ह कमी वळतो, मारलेला बॉल लांब जातो, तिथे चांगल्या चांगल्यांचे ईआरए फुगतात. तुमच्या पोराला, सोमरसेट खेळते त्या ईस्टर्न लीगमधे, तो त्रास नाही.

आता मुख्य मुद्दा. लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या, तीस क्लबांच्या प्रत्येकी चार म्हणजे १२० टीम. यातली हाय-ए वरून डबल-ए ही पायरी सगळ्यात अवघड असं जवळपास सगळेच जाणकार म्हणतात. का, तर हाय-ए चा बॅटर झोनच्या बाहेर पळणाऱ्या स्लायडरवर बॅट फिरवतो आणि डबल-ए चा सोडून देतो. ज्या बॉलवर जूनमधे स्ट्राइकआउट मिळत होता त्याच बॉलवर ऑगस्टमधे वॉक मिळतो, पिचर तोच, बॉल पण तोच. आता त्याला तो स्लायडर झोनच्या आत टाकून दाखवायचाय आणि तिसरा बॉल, बहुतेक चेंजअप म्हणजे फास्टबॉलसारख्याच हालचालीने टाकलेला हळू बॉल, तयार करायचाय, कारण डावखुऱ्या बॅटरसमोर नुसत्या फास्टबॉल-स्लायडरवर स्टार्टरचं म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरचं भागत नाही.

आणि हे जे तयार करणं आहे ना ते स्कोअरकार्डवर दिसत नाही. क्लब पोराला बहुतेक वेळा काहीतरी काम देऊन माउंडवर पाठवतो. आज एवढे चेंजअप टाकायचेच, काउंटमधे मागे असलास, म्हणजे 'बॉल' जास्त आणि स्ट्राइक कमी असले, तरी टाकायचे, किंवा पकड बदललीय तीच वापरायची. आमच्याकडे एप्रिलमधे द्राक्षाची खरड छाटणी होते, अख्खी बाग बोडकी दिसते, रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं बाग गेली यांची. पण ती छाटणी काडी तयार करायला असते, घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येतात. एप्रिलच्या बागेत कोणी घड मोजत नाही, काडी बघतात. वीस वर्षाचा पोरगा डबल-ए मधे आहे म्हणजे समोरचे बहुतेक बॅटर त्याच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे, कॉलेज खेळून आलेले. वय आणि पायरी यांची सांगड घातल्याशिवाय कुठलाच आकडा वाचू नका.

तुमच्याच मैदानावरचं उदाहरण देतो. कॅम श्लिटलर, २०२२ च्या ड्राफ्टमधे सातव्या राउंडला घेतलेला, म्हणजे त्याच्या आधी सहा राउंड होऊन गेले. २०२५ चा सीझन त्याने सोमरसेटलाच सुरू केला, जुलैमधे यांकीजकडून पदार्पण, आणि ऑक्टोबरमधे रेड सॉक्सविरुद्ध जिंकू किंवा घरी जाऊ अशा मॅचमधे ८ इनिंग, १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही, एकही रन नाही. दुसरा टारिक स्कूबल. २०१८ ला नवव्या राउंडचा, कॉलेजमधेच कोपराचं ऑपरेशन झालेलं. २०१९ मधे याच लीगमधे एरीकडून ४२ आणि एक तृतीयांश इनिंगमधे ८२ स्ट्राइकआउट. पण वर गेल्यावर २०२१ मधे ३५ होमरन खाल्ले, २०२२ मधे हाताचं पुन्हा ऑपरेशन, आणि मग २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचे, अवॉर्ड. ३५ होमरनच्या वर्षी लोकांनी त्याला सोडलं असतं तर पुढचं कोणी बघितलं असतं?

स्पीडगन_सिडको

सगळं मान्य पण शेवटी वेगच विकला जातो हे पण लिहा की. मेजर लीगचा सरासरी फास्टबॉल आता ताशी ९४ मैल म्हणजे १५१ किलोमीटर आहे, आपल्याकडे एवढ्या स्पीडचा बॉलर सापडला तर पेपरला फोटो येतो. माउंडपासून प्लेट साडेसाठ फूट, बॅटरला अर्धा सेकंद पण मिळत नाही. ज्याच्याकडे वेग आहे त्याला क्लब दहा संधी देतो, ज्याच्याकडे नाही त्याला एक. कंट्रोल शिकवता येतो, वेग शिकवता येत नाही. पोराकडे वेग आहे ना? मग झोपा बिनधास्त.

निफाडची_बाग

संधी जास्त मिळतात हे खरंय, त्यावर वाद नाही. पण कंट्रोल शिकवता येतो हे इतकं सहज म्हणू नका. स्टीव्ह डाल्कोव्हस्की नावाचा ओरिओल्सचा पिचर होता, ज्यांनी त्याला बघितलं त्यातले कित्येक शेवटपर्यंत म्हणत राहिले की इतका फास्ट कोणीच नव्हता. १९६० मधे स्टॉकटनला १७० इनिंगमधे २६२ स्ट्राइकआउट आणि बरोब्बर २६२ वॉक. आयुष्यात एकही मेजर लीग मॅच नाही मिळाली त्याला. मला ते आकडे वाचून वाईट वाटतं दर वेळी. उलट ग्रेग मॅडक्स घ्या, १९८७ मधे ६ विजय १४ पराभव, ईआरए ५.६१, आणि पुढे १९९२ ते १९९५ लागोपाठ चार साय यंग आणि एकूण ३५५ विजय, सगळे बॉल हवा तिथे टाकण्याच्या जोरावर. आणि वेग शिकवता येत नाही हे पण आता तितकं खरं राहिलं नाही, ताकद, झोप, खाणं, फेकण्याची पद्धत यावर काम करून पोरं दोन-तीन मैल वाढवतात, श्लिटलरचा वेग पण प्रोफेशनल झाल्यावरच वाढलाय.

मैदानताई

मी पंचवटीत शाळेच्या मुलामुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवते, आकड्यांचं वरच्या दादांनी छान लिहिलंय, मी फक्त डोळ्यांनी काय बघायचं ते सांगते.

पिचरकडे बघूच नका सुरुवातीला, कॅचरचा ग्लोव्ह बघा. ग्लोव्ह कुठे धरलाय आणि बॉल येताना तो किती हलवावा लागला. स्ट्राइक मिळाला पण ग्लोव्ह गुडघ्यापासून खांद्यापर्यंत न्यावा लागला तर तो स्ट्राइक नशिबाचा, आणि अंपायरने 'बॉल' म्हणजे झोनबाहेर दिला पण ग्लोव्ह जागचा हलला नाही तर तो चांगला टाकलेला. एक अख्खी इनिंग फक्त ग्लोव्ह बघितलात तर त्या दिवशी पोराचा हात त्याचं ऐकतोय की नाही लगेच कळेल. मग पहिला बॉल, प्रत्येक बॅटरला पहिला बॉल स्ट्राइक पडतोय का. बेसवर माणूस आला की काय होतं, कारण तेव्हा पूर्ण हालचाल सोडून छोट्या हालचालीतून टाकावं लागतं आणि भरपूर पोरांची तिथेच लय तुटते, दोन आउट असताना एक वॉक आणि मग सगळं वाहून गेलं हे त्यातूनच होतं.

नंतर पुढचा पाय बघा. दर वेळी त्याच जागी पडतोय का. पाय इकडेतिकडे पडला की हात मागे राहतो आणि बॉल वर, हाताच्या बाजूला सुटतो. चेंजअप टाकताना हाताचा वेग कमी होतोय का ते पण बघा, हात मंदावला की वरच्या पातळीचा बॅटर लगेच ओळखतो आणि मग चेंजअपला काही अर्थ राहत नाही. हे सगळं मिळून जे आहे त्याला दोन वेगळ्या गोष्टी म्हणून बघायचं, झोनमधे टाकता येणं ही एक आणि झोनमधे हव्या त्या कोपऱ्यात टाकता येणं ही दुसरी, पहिली आली की पोरगा डबल-ए ला टिकतो, दुसरी आली की वर जातो.

एक काळजीचं पण सांगते, कारण तिसऱ्या इनिंगमधे काढला म्हणालात. वॉक वाढणं आणि वेग कमी होणं एकत्र दिसलं तर ते मला आवडणार नाही. पहिल्या इनिंगला जो वेग आहे तो चौथ्यात किती उरतो ते लिहून ठेवा. नुसते वॉक वाढले आणि वेग कायम आहे तर शिकण्याचा भाग, वेग पण घसरतोय आणि हात खाली येतोय तर कोपर किंवा खांदा. कोपराचं लिगामेंट गेलं की दुसरीकडचा टेंडन काढून बसवतात, टॉमी जॉन ऑपरेशन, १९७४ मधे डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर पहिल्यांदा केलं, तो १९७६ ला परत आला आणि त्यानंतर १६४ मॅच जिंकला. आता हे ऑपरेशन नेहमीचं झालंय पण पोराचं वर्ष-दीड वर्ष जातंच. म्हणून क्लब पिचची मोजणी ठेवून काढून घेतात, एकाच इनिंगमधे तीस-पस्तीस पिच झाले की दमलेल्या हातावर ताण नको म्हणून काढतात, ती शिक्षा नसते.

हे मी आपल्याकडच्या पालकांना पण सांगत असते. अमेरिकेत लहान मुलांसाठी वयानुसार दिवसाची मर्यादा ठरवून दिलीय, ९-१० वर्षाला ७५ पिच, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, आणि जास्त टाकले की चार दिवस हातात बॉल घेऊन माउंडवर जायचं नाही. आपल्याकडे शालेय स्पर्धेत एक चांगलं पोरगं सापडलं की सकाळ-दुपार त्यालाच उभं करतात, जिंकायचं असतं ना. तेरा वर्षाच्या मुलाचा हात दुखतो तेव्हा तो सांगत नाही, कारण सांगितलं तर टीमबाहेर जाईन ही भीती. माझ्या मुलांना मी रोज विचारते, हसत विचारते म्हणजे ते खरं सांगतात.

टँपातला_नाशिककर

मूळ देवळाली कॅम्पचा, आता टँपाला असतो. इथे टार्पन्स ही यांकीजची लो-ए टीम, त्यामुळे तुमच्या पोराच्या आधीच्या पायरीची पोरं मी बघत असतो. होम प्लेटच्या मागच्या रांगांमधे स्काउट बसलेले असतात, हातात रडार गन, मांडीवर वही किंवा टॅब. स्कोअरबोर्डकडे फारसे बघत नाहीत. वॉर्मअपपासून बघतात, डगआउटमधे पोरगा कसा बसलाय, एरर झाल्यावर सहकाऱ्याकडे कसा बघतो, हे पण लिहितात.

त्यांची मोजपट्टी २० ते ८० ची असते. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी, ६० म्हणजे उठून दिसणारा, ७० क्वचित, ८० म्हणजे पिढीत मोजके. फास्टबॉल, स्लायडर, चेंजअप, कंट्रोल सगळ्याला वेगळा आकडा, आणि प्रत्येकाला दोन आकडे, आज कुठे आहे आणि पुढे कुठे जाऊ शकतो. तुमच्या पोराचा चेंजअप आज ४० आणि पुढे ५० असा कोणी लिहिला असेल तर त्या दहाच्या फरकासाठीच हे सगळे वॉक चाललेत. ऑनलाइन याद्या बहुतेक याच आकड्यांवरून बनतात पण मधूनच बदलतात, त्यावर जीव टांगून ठेवू नका.

आमच्या फ्लोरिडा स्टेट लीगमधे आणि ट्रिपल-ए मधे प्रत्येक पिचचा वेग, फिरकी, किती वळला हे सगळं कोणालाही ऑनलाइन बघता येतं. नेमकं डबल-ए ला तसं उघड मिळत नाही, तिथे डोळेच वापरावे लागतात, म्हणून ताईंनी लिहिलंय ते परत परत वाचा.

अजून एक सोयीची गोष्ट. मायनर लीगमधे मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सहा मॅच, सोमवारी सुट्टी. त्यामुळे स्टार्टर बहुतेक आठवड्यातून एकदाच टाकतो. रोज पहाटे उठायची गरज नाही, त्याचा दिवस कळला की तेवढाच धरा. रविवारची मॅच दुपारी असली तर तुम्हाला रात्रीच बघता येईल.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

मस्त धागा. मधेच विचारतो, ते आपले रिंकू सिंग (क्रिकेटवाला नाही) आणि दिनेश पटेल, त्यांचं पण असंच झालं का? २००८ मधे टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडले होते ना, पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने साइन केले होते. भालाफेकवाले होते दोघं, उत्तर प्रदेशचे. त्यांच्याकडे वेग होता मग अडलं कुठे?

मैदानताई

अडलं ते वर्षांवर. अमेरिकेतलं किंवा डॉमिनिकनचं पोरगं पाच-सहा वर्षाचं असल्यापासून बॉल टाकतंय, बेसवर माणूस असताना काय करायचं, बॅटर काय शोधतोय हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. या दोघांनी तोपर्यंत बेसबॉल खेळलेलाच नव्हता. टॉम हाउससारख्या कोचने तयार केलं आणि काही महिन्यांत करारापर्यंत गेले, मला त्याचं फार कौतुक आहे. दिनेश २०१० मधे सुटला, रिंकू डावखुरा होता, तो सिंगल-ए म्हणजे डबल-ए च्या खालच्या पायरीपर्यंत पोचला आणि मग दुखापतींनी गाठलं. आपल्या नाशिकमधे कविता राऊत सावरपाड्यातून निघून राष्ट्रकुलचं पदक घेऊन आली, तेव्हा अंगात असणाऱ्या पोरांची कमी नाही. दहाव्या वर्षी हातात बॉल आणि बरोबर शिकवणारं माणूस पाहिजे, अठराव्या वर्षी नाही. महाराष्ट्रात शाळांमधे सॉफ्टबॉल-बेसबॉल चालतो, तिथूनच होईल झालं तर.

कॉलेजरोड_पहाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्याची मॅच होती, वही घेऊन बसलो. स्ट्राइकआउट टिकून आहेत निफाडकर, टक्के काढले, हाय-ए पेक्षा थोडेच खाली. वॉकच वाढलेत.

पहिली इनिंग फक्त ग्लोव्ह बघितला ताई. फास्टबॉल आतल्या बाजूला मागितला की ग्लोव्ह जवळपास हलतच नव्हता, बाहेरच्या बाजूला मागितला की बॉल वर सुटत होता. दुसऱ्या इनिंगमधे डावखुऱ्याला दोन बॉल शून्य स्ट्राइक असताना चेंजअप टाकला, तोही 'बॉल' दिला, तीन-शून्य झाले, आणि परत चेंजअप! भाचा फोनवर ओरडत होता काय करतोय हा, आणि मला मात्र पहिल्यांदा समजलं की हे त्याला सांगितलेलं काम असणार. तो बॅटर वॉक झाला. तिसऱ्या इनिंगमधे असाच एक चेंजअप टाकला आणि बॅटर इतका आधी फिरला की बॅट जवळजवळ हातातून सुटली. हाताचा वेग मला तरी फास्टबॉलसारखाच वाटला. स्पीड स्क्रीनवर दिसत होता, पहिल्या आणि चौथ्या इनिंगमधे फारसा फरक नाही. साधारण साडेचार इनिंग टाकून गेला, चार वॉक, सात स्ट्राइकआउट.

शेवटचा प्रश्न टँपाकरांना. सीझन संपत आलाय. पुढच्या वर्षी याला परत डबल-ए लाच ठेवला तर ते वाईट लक्षण समजायचं का?

टँपातला_नाशिककर

अजिबात नाही. एकविसाव्या वर्षी डबल-ए मधे सुरुवात करणं हे वयाच्या पुढेच आहे. यांकीजना घाई पण नाही, १८ व्या वर्षी किंवा आधी साइन केलेल्या पोराला पाच सीझनपर्यंत दुसरा क्लब रूल ५ ड्राफ्टमधून, म्हणजे इतर क्लबांनी न जपलेली पोरं घेण्याच्या वार्षिक निवडीतून, उचलू शकत नाही, त्यामुळे जपायला ४० जणांच्या यादीत टाकायची वेळ अजून लांब आहे. तुम्ही दोन गोष्टी बघा. एक, ऑक्टोबरमधे ॲरिझोना फॉल लीगच्या, म्हणजे सीझननंतर होतकरू पोरांसाठी भरणाऱ्या लीगच्या, सहा टीममधे त्याचं नाव येतं का, या वर्षी इनिंग कमी झाल्या असतील तर पाठवतात. नाही पाठवलं आणि इनिंग भरपूर झाल्या असतील तर हाताला विश्रांती, ते पण चांगलंच. दोन, एप्रिलमधे परत आल्यावर पहिल्या महिन्यात डावखुऱ्या बॅटरना किती वॉक देतो. तो आकडा उतरला तर जूनपर्यंत स्क्रँटनला ट्रिपल-ए ला गेलेला दिसेल, आणि तिथे प्रत्येक पिचचं माप तुम्हाला घरबसल्या मिळेल. फेब्रुवारीत सीझनआधीचा सराव, स्प्रिंग ट्रेनिंग, इथेच टँपाला असतं, मागच्या मैदानांवर पोरं जाळीच्या पलीकडे पाच फुटांवर टाकत असतात. मला खाजगी मेसेजमधे नाव पाठवा, त्याचा चेंजअप कॅचरच्या मागून बघतो आणि इथे लिहितो.